डोंगरावर चढलेली होडी

रविवार, ९ मार्च

चि. खटूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या नव्या खोलीत ऊन येतं का, पाणी गार असतं का, हे आई मला दिवसाआड विचारते, जणू तिथे मीच राहते. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्याबरोबर पहिलं वाक्य काय, तर ‘भिंतीवरचं घड्याळ वाकडं आहे.’ म्हणजे दिसतंय. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकायला लागलाय. जिन्याखालच्या खोक्यात शेजारच्यांची मांजर व्याली आहे. आई तिला येता-जाता शिव्या घालते आणि कोणी बघत नसलं की दूध नेऊन ठेवते.

दवाखान्यात गर्दी आहे. परवा एक आजोबा कान तपासायला आले होते. हेडफोन लावले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हटलं. मी मधेमधे मुद्दाम काहीच वाजवत नाही, तुला माहीत आहे. तर आजोबा शांततेतही दाबतायत. मी विचारलं, “आजोबा, आत्ता कुठे वाजलं?” तर म्हणाले, “वाजलं नाही गं, पण आता वाजेल असं वाटलं.” बाहेर बसलेले लोक हसले. मला मात्र हसू येईना.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू फार छान बोलतोस, आणि मग मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला.

कप्तानकाका दोनेक महिन्यांपूर्वी पावाच्या दुकानात भेटले. डाव्या हाताची बाही मनगटाच्या खाली दुमडून पिनेने अडकवलेली. दुकानदाराने पिशवी पुढे केली, काकांनी पैसे द्यायचे की पिशवी धरायची या घोटाळ्यात पैसेच दातांत धरले. मी मागे उभी होते. पुढे होऊन पिशवी धरावी असं वाटलं, पण माझी हिंमत झाली नाही. मंडळाच्या त्या सभेनंतर मी त्यांच्या घरासमोरूनही जात नव्हते, वरच्या गल्लीने वळसा घालून दवाखान्यात जायचे. का, ते तुला ठाऊक आहे. निदान मला तेव्हा ठाऊक होतं असं वाटत होतं.

तुला सगळं माहीत असूनही मी पहिल्यापासून लिहिते. माझ्या बाजूने ते कसं घडलं, हे तू कधी ऐकलेलं नाहीस. विचारलंही नाहीस.

काकांनी फेरीबोटीवरून निवृत्त झाल्यावर शिडाची होडी घेतली, बेटापर्यंत एकट्याने जाऊन यायचं ठरवलं, आणि आपल्याकडे आले. “तुम्ही बहीणभाऊ वरच्या खोलीत रेडिओ घेऊन इतकी वर्षं खुडखुड करताय, तर माझ्या बायकोची झोप तेवढी वाचवा.” होडीवर त्यांनी छोटा ट्रान्समीटर बसवला. टॉर्चच्या बल्बाएवढी त्याची ताकद. थोड्या थोड्या वेळाने काकांचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची त्यांची ओळख, आणि होडीचा ठावठिकाणा, एवढंच तो पाठवायचा. कानाला ते ऐकू येणं शक्य नाही. खरखरीखाली गाडलेलं असतं. ती खरखर चाळून त्यातून कॉलसाइन उपसायचं काम आपल्या प्रोग्राममधल्या तुझ्या भागाचं. आणि दिवसा एका बँडवर, ऊन उतरलं की दुसऱ्या बँडवर रेडिओ नेणं, ॲन्टेना बदलणारा रिले वेळेवर फिरवणं, हे माझ्या भागाचं. काकूंना मी सोप्या शब्दांत सांगितलं होतं, “तो ऐकतो, मी मान वळवते.” त्या म्हणाल्या, “मग दोघं मिळून एक शहाणा माणूस झालात.”

रोज सकाळी दवाखान्यात जाताना मी काकूंच्या दारात थांबायचे. “आले काकू, आत्ताच आले. इथवर पोचलेत.” त्या नकाशावर पेन्सिलीने ठिपका द्यायच्या आणि मगच चहा टाकायच्या.

मग तू मुलाखतीसाठी गेलास. जाताना म्हणालास, “ताई, माझ्या भागाला हात लावू नकोस, नाजूक आहे.” मी लावला नाही. पण एक दिवस मी तुला फोन केला होता. आठवतोय? मी विचारलं, “खटू, काकांचा सिग्नल इतका एकसारखा कसा येतोय रे? आधी कधी चढायचा, कधी गुडुप व्हायचा. आता आपला घड्याळासारखा.” तू खाकरलास. मग म्हणालास, “समुद्र शांत असेल. आपला प्रोग्राम चांगला चाललाय याचंही तुला वाईट वाटतं का?” मी हसले. वर तुला मुलाखतीसाठी चार गोष्टी सांगितल्या, डोकं धुऊन जा, शर्टाचं वरचं बटण लाव.

पडद्यावर होडी सरळ रेषेत बेटाकडे जात राहिली. एका सकाळी ती बंदरात शिरली. मी धावत काकूंकडे गेले, “पोचले!” काकूंनी तिथल्या बंदरावर फोन लावला. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. पलीकडचा माणूस सांगत होता, “बाई, इथे कुठलीही होडी आलेली नाही.”

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डोलकाठी कधीच मोडून पडली होती. तिच्याबरोबर ॲन्टेना गेली, बॅटऱ्या भिजल्या, संकटात दाबायचं यंत्र ठेवलेला कप्पाच वाहून गेला. काकांचा हात काठीखाली चिरडला. आणि शोधायला गेलेले लोक आधी बेटाजवळ शोधत बसले, कारण आपण तसं सांगितलं होतं. काका होते भलतीकडे, वाहत गेलेले. एका मालवाहू जहाजाला दिसले म्हणून वाचले. हात मात्र सडला होता. डॉक्टर काकूंना म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात राहिला असता. डॉक्टरांचं काय जातं सांगायला.

मग आपल्या हौशी रेडिओ मंडळाची सभा. मंडळ चालवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, मोडलेल्या होडीचा सिग्नल पडद्यावर आला कुठून? तू उठलास. नवा शर्ट घातला होतास. म्हणालास, “माझ्या भागात, डिकोडरमध्ये, दोष नाही, मी तपासलाय. बँड बदलताना जुना मजकूर पुसला जात नसावा, तोच पुन्हा पुन्हा दिसत राहिला असणार. तो भाग ताईचा आहे. पण कृपा करून तिला बोल लावू नका. ती इथे एकटीच राबत होती.”

मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, “भाऊ असावा तर असा.”

आणि मी ते मानलं, खटू. तू म्हणालास म्हणून मानलं. त्याच आठवड्यात मी रिलेची वेळ मागेपुढे केली होती. म्हटलं, झालं, तिथेच मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात हात जोडून उभी राहिले. म्हटलं, “काकू, माझ्या हातून झालं.” त्या मला आत ये म्हणाल्या नाहीत. एवढंच बोलल्या, “तू रोज ठीक आहेत म्हणालीस म्हणून मी कुणाला फोन केला नाही. मला आतून वाटत होतं, करावा.” आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळू लावलं.

आता मागच्या महिन्याचं सांगते.

गच्चीचा कठडा रंगवायला रंगारी आला. म्हणाला, “या तारा काढा, नाहीतर मी त्यांच्यावरूनच ब्रश फिरवीन.” मी वर जाऊन ॲन्टेनाची वायर सोडवली, गुंडाळून टाकीवर ठेवली. रेडिओला पुन्हा हात लावायचा माझा विचारच नव्हता. संगणक बाबांना द्यायचा होता, त्यांना त्यावर जुन्या मॅच बघायच्या आहेत. म्हणून आपलं सामान पुसून टाकावं असं म्हणत मी खाली येऊन बटण दाबलं. तू करून ठेवल्याप्रमाणे रेडिओही लागला, प्रोग्रामही आपोआप सुरू झाला. मी फडक्याने टेबल पुसत होते. भोंगा वाजला. ‘सापडला’ म्हणून तू जो भोंगा लावला होतास, तोच.

पडद्यावर काकांचं कॉलसाइन.

खरं सांगते, आधी अंगावर काटा आला. काकांची होडी समुद्राच्या तळाशी, काका सकाळीच मला औषधाच्या दुकानाबाहेर लांबून दिसलेले. मी बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा भोंगा. आता ठिकाणही पुढे सरकलं होतं. नकाशावर आपली छोटी होडी बंदर सोडून जमिनीवर आली होती, आणि बेटावरच्या डोंगराची चढण चढत होती. मी तशीच गच्चीवर गेले. रंगारी म्हणाला, “काय ताई, भूत बघितलं काय?” वायरचं वेटोळं टाकीवर जिथल्या तिथे. रेडिओच्या मागे काहीसुद्धा जोडलेलं नाही. माझा बँड, माझा रिले, माझा जुना मजकूर, सगळं मी पहिल्यांदा तपासलं. माझ्याकडचं सगळं कोरं होतं. मग तुझा नाजूक भाग उघडला.

मला तुझ्याइतकं कळत नाही, पण वाचता येतं. तिथे एक यादी होती. ज्यांचे सिग्नल यायची शक्यता आहे, अशांची. खरखरीत यादीतल्या कुणाशी जरा काही जुळलं, की तोच तो म्हणायचं. आणि ठिकाण? मागचं ठिकाण घ्यायचं, होडीचा वेग धरायचा आणि अंदाजाने पुढे ढकलायचं. त्यालाही ‘ऐकलं’ म्हणायचं.

मी काकांचं कॉलसाइन यादीतून काढलं. पडदा गप्प झाला. मग मी बाबांचं जुनं कॉलसाइन यादीत घातलं आणि वाट बघत बसले. भोंगा वाजला. बाबा समुद्रात होते. शेजारच्या खोलीत ते खोकत होते आणि पडद्यावर भर समुद्रात होते. त्यांना बोलावलं. एका डोळ्यावर हात धरून, ऑपरेशनच्या डोळ्याने त्यांनी बघितलं आणि विचारलं, “मी केव्हा गेलो?”

मग त्यांना कळलं. खुर्चीवर बसले. त्या दिवशी त्यांनी मॅच लावली नाही.

तरीही मी तुझी बाजू घेतली, बरं का. म्हटलं, दुर्बळ सिग्नल ओळखायचा तर थोडा आडाखा बांधावाच लागतो, सगळेच बांधतात. फार तर कुठला अंदाज आणि कुठलं ऐकलेलं, हे वेगळं दाखवायचं राहून गेलं असेल. पोराच्या लक्षात आलं नसेल. आणि मग, नुसती खात्री करावी म्हणून, जगभरच्या लोकांसाठी तू इंटरनेटवर जी प्रत ठेवली आहेस ती मी उतरवून घेतली. तिच्यात ती यादी नाही. वेगाने ठिकाण ढकलायचं गणित नाही. स्वच्छ पुसलेलं आहे. पुसल्याची तारीख मंडळाच्या सभेच्या आदल्या दिवसाची आहे.

म्हणजे तू उठून उभा राहिलास तेव्हा तुला माहीत होतं.

मी फोनवर विचारलं तेव्हाही माहीत असणार. तेव्हा काका पाण्यावर होते, खटू. तेव्हा त्यांना हात होता. तुला मुलाखतीत तोच प्रोग्राम दाखवायचा होता, एवढंच ना? तू एक वाक्य बोलला असतास, ‘ताई, जपून, त्यातलं थोडं अंदाजाचं आहे,’ तर मी त्याच पावली काकूंकडे पळत गेले असते. नोकरी तरीही मिळाली असती. तू हुशार आहेस. मी ते सगळ्या गावाला सांगत असते. सांगत असे.

आईला मी सांगितलं. ती नेहमीसारखी म्हणाली, “भावंडांत असं धरून ठेवू नये. तो लहान आहे.” मी म्हटलं, “आई, तो चौतीस वर्षांचा आहे. टक्कल पडायला लागलंय त्याला.” ती म्हणाली, “घाबरला असेल.” मी म्हटलं, “मीही घाबरले होते. मला कुणी विचारलं?” ती उठून नळाखाली भांडं ठेवायला गेली. रागावली माझ्यावरच. पण तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता, तो तिने परत उलगडला नाही, पुढेही विणला नाही. तसाच पडलाय सुयांसकट.

दुसऱ्या दिवशी मी वळसा न घालता काकांच्या घरी गेले. काकूंनीच दार उघडलं. मी म्हटलं, “काकू, मी मागे जी माफी मागितली ती परत घ्यायला आले आहे.” जरा विचित्रच बोलले, पण दुसरं काही सुचेना. त्यांनी या वेळी आत घेतलं. मी सगळं सांगितलं, वायरचं, बाबांचं, तारखेचं. काकू मधेच उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे मी तिकडे शीड अंगाभोवती गुंडाळून त्यात साठलेलं पावसाचं पाणी चाटत होतो, आणि तुमच्या पडद्यावर माझी मजेत सफर चालली होती?”

“हो काका.”

“शेवटी कुठवर गेलो म्हणालीस?”

“डोंगरावर.”

ते हसले, खटू. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि काकू ओरडल्या, “हसताय काय! हात गेला तुमचा!” मग काका म्हणाले, “मशीन चुकलं, ते समुद्रात चालतं. माझीच किती यंत्रं चुकली. पोराने बहिणीला पुढे केलं, ते मला पचत नाहीये.” काकू खिडकीजवळूनच म्हणाल्या, “मी हिला दारातून परत पाठवलं.” आणि रडायला लागल्या. त्यांचं रडणं मला बघवेना. त्या दिवशी आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात न बोलता भाजी निवडली. त्याने काही भरून निघालं असं मी म्हणत नाही.

मंडळात मी मास्तरांना सांगितलं, भाषण करणार नाही, दाखवते. सगळ्यांसमोर रेडिओ मांडला, वायर हातात धरून दाखवली, बाजूला ठेवली आणि बसले. भोंगा वाजला तेव्हा मागच्या रांगेतसुद्धा कुणी काही पुटपुटलं नाही. आपल्या प्रोग्रामची जुनी प्रत ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना मास्तरांनी सावधगिरीची सूचना पाठवली आहे. खाली माझी सही आहे. तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. तुझ्या कंपनीला मी काहीही कळवलेलं नाही. ते तुझं तू बघ.

इथवर लिहून मी उठले होते. नळाला चिंधी बांधून आले. पुढचं लिहायचं नाही असं ठरवून उठले होते, पण ते लिहिलं नाही तर बाकीचं सगळं नुसती तक्रार होईल.

सभेवरून घरी आल्यावर मी जेवले नव्हते. कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू ताट घेऊन आलास. ते खाली ठेवलंस, माझ्या उशाशी बसलास आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिलास. लहानपणी तुला ताप आला की मी फिरवायचे, तस्साच. म्हणालास, “होतं गं ताई असं माणसाच्या हातून. तू काय मुद्दाम केलंस? मी आहे ना.” मला इतकं बरं वाटलं त्या हाताने. मी उठून जेवले. तुला म्हटलं, “तू होतास म्हणून निभावलं रे.” तू ‘वेडी कुठली’ म्हणालास.

सभेत बोललास ते मी समजू शकते. भरल्या खोलीत माणूस भितो, तोंडाला येईल ते बोलून सुटतो. पण त्या खोलीत आपण दोघंच होतो. तिथे तुला कुणाची भीती होती? तिथे खरं सांगितलं असतंस, तर मी तुलाच जवळ घेतलं असतं. उद्या आपण दोघं मिळून काकूंकडे जाऊ म्हटलं असतं. कदाचित सगळ्यांसमोर दोष माझ्याच अंगावर राहू दिला असता, तुझ्या नोकरीसाठी. तेवढी वेडी मी होतेच. तू मला मागितलं असतंस तर मी दिलं असतं. तू न मागता घेतलंस, आणि वर माझ्याकडून आभार घेतलेस.

काकांचा निरोप आहे, शब्द त्यांचेच. “त्याला म्हणावं ये. मी हात उगारणार नाही. एकच उरलाय, तो चहाच्या कपाला लागतो. माझ्यासमोर बसून त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढंच.” ते संध्याकाळी घरीच असतात. बाबांना दुसऱ्या डोळ्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात न्यायचं आहे. आलास तर त्यांना बरं वाटेल. ते म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते. तुझी खोली झाडून ठेवलेली आहे. जेवायला वाढीन.

माझ्याकडे माफी मागायला मात्र येऊ नकोस. तू मागशील तेव्हा मी काय म्हणेन हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं आता माझ्याच्याने होणार नाही.

आईबाबांची थोरली मुलगी